टीम : इतर

परवा आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मला खांबामागे बसवलं. तेही दीडशे रुपये वर्गणी रोख मोजून घेतल्यावर. आयपीएलचा मुंबई-चेन्नई सामना मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. डावीकडे मुंबईवाल्यांसाठी निळ्या फिती बांधलेल्या खुर्च्या, उजवीकडे चेन्नईवाल्यांसाठी पिवळ्या, आणि दारात टेबल टाकून सेक्रेटरी काका. काका बँकेतून निवृत्त झाले, पण लेजर त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"टीम?" काका वहीतून मान वर न करता म्हणाले.

"पुणे."

आता मान वर झाली. "पुण्याची टीम नाही."

"माहीत आहे."

"मग सांगताय कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"अहो, मी रकाना भरायला विचारलं. निळा की पिवळा? त्यावर खाणं आहे. निळ्यांना वडापाव, पिवळ्यांना इडली. केटररला आकडा द्यायचाय."

"वडापाव चालेल."

"म्हणजे मुंबई."

"मुंबई नाही. नुसता वडापाव."

"नुसता वडापाव असा रकाना नाही."

मागे रांग लागली होती. कुणीतरी "टॉस झाला हो!" म्हणून ओरडलं. पण एंट्री अर्धवट सोडणं काकांच्या रक्तात नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि समजुतीच्या स्वरात सुरुवात केली.

"ऋतुराज गायकवाड कुठला?"

"पुण्याचा."

"कप्तान कुणाचा?"

"चेन्नईचा."

"झालं तर मग! पुण्याचा मुलगा तिथला कर्ता, म्हणजे चेन्नई आपलीच. बसा पिवळ्यात."

"काका, 2016 साली धोनी आमचा कप्तान होता. तेव्हा चेन्नईवाले पुण्याचे झाले होते का?"

"झाले होते की. त्यांची शिक्षा संपेपर्यंत."

हे मात्र मला लागलं, कारण ते खरं आहे. बेटिंगच्या भानगडीत चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर बसले, म्हणून पुणे आणि राजकोटला टीम मिळाल्या. आम्हाला टीम मिळाली ती अकरा महिन्यांच्या भाडेकराराने खोली मिळावी तशी. खिळा ठोकायचा नाही, आणि मूळ मालक आले की निमूटपणे किल्ली द्यायची. बरं, ती दोन वर्षं तरी नीट मिळावीत? पहिल्याच वर्षी दुष्काळ पडला, न्यायालयाने सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले आणि आमचं घरचं मैदान थेट विशाखापट्टणमला गेलं. वाकडहून विशाखापट्टणमला पीएमपीची बस जात नाही.

तसं आमचं खरं घरचं मैदानही पुण्यात नाही. ते गहुंज्यात आहे, म्हणजे मावळ तालुक्यात. पेठेतला माणूस तिथे निघतो तेव्हा सोबत स्वेटर घेतो, कारण आता एवढं आलोच आहोत तर लोणावळा करून येऊ. त्याच गहुंज्यात 2018 साली कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने हलवले. आमची टीम नुकतीच गेलेली, आणि हे लोक खास रेल्वेगाडी करून, पिवळे कपडे घालून, शिट्ट्या फुंकत आमच्या दारात! मी तेव्हा बाल्कनीतून ते पाहिलं आणि आत येऊन दार लावून घेतलं.

"बरं, मग निळ्यात बसा," काका म्हणाले. "मुंबई काय परकी आहे? महाराष्ट्रच ना."

"एका रनने, काका."

"काय एका रनने?"

काय एका रनने! 21 मे 2017, हैदराबाद. त्या मोसमात आम्ही मुंबईला तीनदा हरवलं होतं. फायनलला त्यांना 129 वर रोखलं. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या, पहिल्याच चेंडूला चौकार गेला. आमच्या घरात नारळ सोलायला घेतला. पुढच्या दोन चेंडूंवर दोघे गेले, त्यात आमचा कप्तान स्मिथही. शेवटच्या चेंडूला चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरी पळताना बाद. नारळ तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी आमटीत गेला. आणि हा माणूस मला सांगतो निळ्यात बसा.

"जुनं झालं ते," रांगेतला एक निळा म्हणाला. हा मूळचा डोंबिवलीचा. ट्रॅफिकवरून रोज पुण्याला शिव्या घालतो, पण फ्लॅट विकत नाही. पाच-पाच चषक घरात असलेल्यांना सगळं लवकर जुनं होतं.

"तुमची स्वतःची टीम कुठली, काका?" मी विचारलं.

"मी संयोजक. संयोजकाला टीम नसते."

"मग तुमचं खाणं?"

"दोन्ही."

आणि त्यांनी वहीत तळाला एक नवा रकाना आखला, पट्टीने. वर लिहिलं : इतर. माझ्या हातात बिनफितीची खुर्ची दिली आणि खांबाकडे बोट दाखवलं. पूर्वी अशा वेळी बेंगळुरूचा एखादा चाहता तरी शेजारी यायचा, आपण दोघे दुःखी म्हणून. 2025 ला तेही जिंकले. आता रडायलासुद्धा सोबत नाही.

खांबामागून अर्धा पडदा दिसतो, म्हणजे गोलंदाज दिसतो पण फलंदाज नाही. मग विचार करायला वेळ मिळतो. आमची पहिली आयपीएल टीम, पुणे वॉरियर्स, तीन मोसमांत आटोपली. 2013 साली बेंगळुरूच्या गेलने नाबाद 175 मारल्या, त्या कुणाला? आम्हालाच. आमचा फुटबॉल क्लब 2019 साली बंद पडला, त्याच्या जागी हैदराबादला नवा उभा राहिला आणि 2022 साली तो विजेता. त्या दोन वर्षांच्या भाडेकरू टीमच्या, म्हणजे पुण्याच्या सुपरजायंट्सच्या, नावातला शेवटचा 'स' दुसऱ्या वर्षी काढून टाकला होता. त्याच मालकांनी पुढे लखनौची टीम घेतली, तेव्हा नावही तेच दिलं आणि 'स'सुद्धा परत लावला. आम्हाला एक अक्षर जड झालं होतं.

आणि वर म्हणायचं की पुण्याचा प्रेक्षक थंड, टाळ्या मोजून वाजवतो. अहो, वाजवायच्या कुणासाठी? घसा तयार करेपर्यंत टीमचं सामान ट्रकमध्ये गेलेलं असतं. टीम म्हणजे ज्याने पैसे टाकले त्याची, हे मला कळतं. मग तिकिटावर गावाचं नाव छापून आमच्याकडून जीव कशाला टाकून घेता?

वडापाव खांबापर्यंत पोचेस्तोवर संपले होते. इडली आली, चटणीशिवाय. चटणी पिवळ्यांपुरतीच सांगितली होती म्हणे.

मध्यंतरात काका हिशेब घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "काका, पुण्याची टीम नाही असं कसं म्हणता? कबड्डीची पुणेरी पलटण आहे की. 2014 पासून आहे, कुठे पळून गेली नाही. 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 ने हरवून विजेते झाले, तेही हैदराबादेतच. कप्तान अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला पोरगा. त्या दिवशी का नाही लावला पडदा?"

काकांनी वहीची मागची पानं चाळली. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीही त्यांच्याकडे असतात.

"एक मार्च," ते म्हणाले. "प्रोजेक्टर बी विंगमध्ये बारशाला दिला होता."

"कुणी मागितला नाही मॅचसाठी?"

"एकाने विचारलं होतं. वॉचमनने."