हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे?

दर काही महिन्यांनी घरच्या ग्रुपवर एखाद्या पुस्तकाच्या पानाचा फोटो येतो. दोन ओळींभोवती लाल वर्तुळ आणि खाली संतापाचा मजकूर. देवाबद्दल किंवा संतांबद्दल कोणीतरी काहीतरी वावगं लिहिलेलं असतं. मी इथून, इंग्लंडातून, एकच विचारतो: हे वाक्य पुस्तकात कोण बोलतंय? लेखक की एखादं पात्र? कोणाशी, कोणत्या प्रसंगी? बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण पाठवणाऱ्याने पुस्तक हातात घेतलेलं नसतं. हा प्रश्न डावलून धार्मिक विषयावरच्या लेखनाचा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या मराठी माणसांनी तसं करावं याचं तर फार वाईट वाटतं, कारण हा प्रश्न कसा विचारायचा हे आपल्याला चारशे वर्षांपूर्वीच शिकवलेलं आहे.

एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला, भवानी आई, रोडगा वाहीन तुला' आठवा. एक सासुरवाशीण देवीला नवस बोलते आहे. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. असं एकेका माणसाचं नाव घेत ती घर रिकामं करत जाते. शेवटी येतं, 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला', आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की हे घर म्हणजे विकारांचा गोतावळा आणि मागणं आहे ते सगळ्या पाशांतून सुटण्याचं. नाथांनी हे सरळ उपदेशात सांगितलं असतं तर कोणी लक्षात ठेवलं नसतं. त्यांनी सुनेचा त्रागा घेतला, तिची भाषा जशीच्या तशी ठेवली आणि अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत दाबून धरला. निरक्षर श्रोत्यालाही कळत होतं की बोलते ती सून, नाथ नव्हेत. नाथांनी देवीकडे माणसं मारायची सुपारी दिली असा आरोप कोणी केला नाही.

जनाबाई तर याच्याही पुढे जाते. 'अरे विठ्या, विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी सुरुवात करून ती विठोबाला जे बोलते ते आज कादंबरीत छापायला प्रकाशक कचरेल. अभंगाचा शेवट असा: 'उभी राहूनि अंगणी, शिव्या देत दासी जनी.' ही ओळ मला फार मोठी वाटते. शिव्या संपल्यावर कवयित्री दोन पावलं मागे सरते आणि चित्र पुरं करते. कोण उभी आहे, कुठे उभी आहे, काय करते आहे, सगळं सांगते. ती दासी आहे. उभी आहे अंगणात, म्हणजे जिथे घरची भांडणं होतात तिथे. निवेदनाची चौकट तिने स्वतःच आखून दिली आहे. ती चौकट कापून वरच्या दोन ओळींचा फोटो काढला तर उरते नुसती विटंबना. तुकोबांच्या 'माझे लेखी देव मेला' या ओळीचंही तेच होईल.

आता मी राहतो त्या देशाचं. ईश्वरनिंदेच्या बाबतीत इथला इतिहास काही फार जुना नाही. 1977 मध्ये लंडनमध्ये 'गे न्यूज' या नियतकालिकावर खटला चालला. निमित्त होतं जेम्स कर्कप यांची एक कविता. तिच्यात बोलतो तो ख्रिस्ताच्या मृतदेहाशेजारचा रोमन शताधिपती. त्याचं प्रेम देहाचं आहे, वासनेचं आहे. कवितेचं साहित्यिक मोल काय, याबद्दल तज्ज्ञांची साक्षच न्यायाधीशांनी होऊ दिली नाही. ज्यूरीने संपादक डेनिस लेमन यांना दोषी ठरवलं. 1979 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयात, तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम झाला. निंदा करायचा हेतू होता की नव्हता हे पाहायची गरजच नाही, असं तिथे ठरलं. म्हणजे बोलतो कोण आणि कशासाठी, हे दोन्ही प्रश्न न्यायालयानेच बाद केले. तो कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये रद्द व्हायला 2008 साल उजाडलं.

धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं आपल्याकडचं 1927 चं 295-अ कलम, आताचं भारतीय न्याय संहितेतलं 299, या बाबतीत अधिक शहाणं आहे. भावना दुखावल्या एवढं त्याला पुरत नाही. 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द कलमातच आहेत. हेतू शोधायचा तर पुस्तक पुरतं वाचावं लागतं. पण प्रकरण तिथपर्यंत पोचायच्या आतच लेखकाने गुडघे टेकलेले असतात. तुकोबांवरच्या कादंबरीवरून वारकरी मंडळींनी आक्षेप घेतले तेव्हा आनंद यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. 2009 चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. कादंबरी कशी होती यावर मतभेद असू शकतात, असावेत. संताच्या तरुणपणाची कल्पना करायचा कादंबरीकाराला हक्क आहे का, आणि तो कसा वापरला, हीच चर्चा त्या व्यासपीठावर व्हायला हवी होती.

तरीही 'आमच्याकडे बघा किती मोकळीक आहे' असं इथून सांगायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात एक वाचनगट भरतो. तिथे आम्ही जॉर्ज हर्बर्टची 'द कॉलर' वाचली. हा कवी याच विल्टशर परगण्यातला धर्मगुरू, 1633 मध्ये वारला, म्हणजे तुकोबांच्याच काळातला. कवितेतला माणूस टेबलावर हात आपटून देवाची चाकरी सोडतो आणि तक्रारींचा पाढा वाचतो. पदरी फक्त काटाच का? माझा द्राक्षारस, माझं धान्य कुठे गेलं? शेवटच्या चार ओळींत त्याला 'बाळा' अशी हाक ऐकू येते आणि तो 'प्रभू' म्हणून ओ देतो. यातली खरी कारागिरी तक्रारीत आहे. काटा ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाचा, धान्य आणि द्राक्षारस म्हणजे प्रभुभोजन या चर्चमधल्या विधीतली भाकरी आणि द्राक्षारस. बंडखोर ज्या शब्दांनी बंड करतो तेच शब्द त्याला चर्चमध्ये परत नेत असतात. गटातल्या तरुण मंडळींना यातलं काहीच जाणवलं नाही. त्यांना ती शेतातल्या नुकसानीची तक्रार वाटली. हुशार मुलं होती, पण ते संदर्भ त्यांच्या घरात कोणी उच्चारलेच नव्हते. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते 59.3 टक्के होते. माणसाने श्रद्धा ठेवावी की नाही हा त्याचा प्रश्न, त्याबद्दल मला बोलायचं नाही. पण कवितेचं मोठं नुकसान झालंय. आज इथे लेखक देवाला वाटेल ते बोलू शकतो आणि ते कोणाच्या काळजाला भिडत नाही.

आपल्याकडे ते भिडतं. 'विटेवर' एवढं म्हटलं तरी पुढचं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. असा श्रोता कायदा करून मिळत नाही आणि एकदा गेला की परतही येत नाही. म्हणून तो निव्वळ अपमान मोजण्यात खर्ची पडताना पाहवत नाही. 2020 च्या उस्मानाबादच्या संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून नकोत अशी ओरड झाली. तेव्हा मला याच विल्टशरमधून गोव्यात गेलेले फादर स्टीफन्स आठवले. त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली, 1616 मध्ये राशोलला छापली, आणि तिच्यात मराठीला भाषांमधला हिरा म्हटलं. पाद्र्याने मराठीत लिहिण्यात नवल वाटायचे दिवस तेव्हाच सरले होते.

परदेशातली आपली मंडळी तर आणखी हळवी. लाल वर्तुळाचे फोटो पुढे ढकलण्यात आम्ही मागे नसतो, आणि आषाढीच्या कार्यक्रमात दरवर्षी तेच निरुपद्रवी अभंग म्हणवून घेतो. यंदा मी मंडळाच्या बैठकीत जनाबाईचा तो अभंग सुचवला. मुलांसमोर नको, असं दोघातिघांनी ताबडतोब सांगितलं. मी म्हटलं, मुलांसमोरच हवा, आणि शेवटच्या ओळीसकट हवा. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकललाय. तोवर त्या मंडळींना पूर्ण अभंग पाठवून ठेवलाय.