सालोमालोंचा माग : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'अभंग कुणाचा, हे ठरवतात कसं?' या माझ्या लेखावर तुम्ही ठाण्यातल्या नौपाड्याहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आणि चांगली खरपूस दिलीत. खाली दोन ओळींत उत्तर उरकलं असतं तर तुम्हाला ते टाळाटाळ वाटलं असतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा असा: कर्ता शोधायची हौस पाश्चात्त्यांची, आपल्याकडे नावाला किंमत नव्हती, ज्ञान सगळ्यांचं होतं, संगणकाला शब्द मोजायला लावून संतांची परीक्षा घेणं हा उद्धटपणा आहे, आणि मुळात वारीत चालणाऱ्याला याने काय फरक पडतो?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. वारीत चालणाऱ्याला काहीही फरक पडत नाही, पडूही नये. फरक पडतो तो 'तुकाराम असं म्हणाले' म्हणत भांडणात अभंग पुढे करणाऱ्याला, आणि सतराव्या शतकातली मराठी कशी होती हे गाथ्यावरून सांगू पाहणाऱ्याला. त्यांनी तरी अभंग कुठून आला ते विचारायला हवं की नको?

आता नावाच्या किमतीबद्दल. काका, इथे मात्र आपलं जमायचं नाही. खुद्द गाथ्यात सालोमालोंवर, म्हणजे तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्यावर, तक्रारीचे अभंग आहेत. दुसऱ्याचं उचलायचं आणि आपलं म्हणून मिरवायचं, हा उद्योग करणाऱ्यांवर तुकोबा चांगलेच उखडलेत. नावाला किंमत नव्हती तर एवढा संताप कशाला? एकनाथांचंही तेच. ज्ञानेश्वरीत पाठभेदांचा, म्हणजे एकाच ओवीच्या वेगवेगळ्या रूपांचा, गोंधळ माजलेला पाहून त्यांनी 1584 साली ती शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं, की या ग्रंथात जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. पाश्चात्त्य वारं लागण्याच्या कितीतरी आधी पैठणला बसून एक माणूस मूळचं आणि मागून घुसडलेलं वेगळं करत होता.

त्याच्याही आधीचे म्हाइंभट तर मला आजच्या संशोधकांचे थेट पूर्वज वाटतात. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी गोळा करायला ते माणसामाणसांकडे गेले, आणि ऐकलेलं चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतलं. पुढे या आठवणींच्या ग्रंथाची, लीळाचरित्राची, मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा पंथातल्या लोकांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे त्यांनी एकच ठोकून दिली नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, ही नोंद मागे राहिली. कुणाकडून कळलं हे लिहून ठेवायचा एवढा काटेकोरपणा आज पीएच. डी.च्या प्रबंधातही दरवेळी सापडत नाही. (माझ्या ओळखीचे दोनतीन मार्गदर्शक हे वाचून फोन करतील. करोत.)

आणि तुम्ही ठाणेकर, म्हणून विनायक लक्ष्मण भाव्यांची आठवण करून द्यायलाच हवी. 1893 साली आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय उभं करण्यात पुढे होते ते हे. त्यांनीच 1919-20च्या सुमाराला तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. तोवर लोकांच्या हातात होता तो सरकारी मदतीने 1873 पर्यंत पुरा झालेला, पंडित आडनावाच्या संपादकांचा गाथा, साडेचार हजारांच्या वर अभंगांचा. संताजींच्या वह्यांत अभंग त्याहून कितीतरी कमी. मग उरलेले कुणाचे? वहीत नाही म्हणून तुकोबांचा नाही, असं म्हणता येत नाही. एका माणसाच्या वहीत सगळं असेलच असं कोण सांगतं? पण मोठ्या गाथ्यात आहे म्हणून तुकोबांचाच, हेही म्हणता येत नाही. 'तुका म्हणे' हे दोन शब्द कुणालाही लिहिता येतात. भाव्यांनी शीर्षकात 'अस्सल' घातलं ते भांडण ओढवून घ्यायच्या तयारीनेच.

राहिला शब्द मोजण्याचा मुद्दा. अमेरिकेत 1787-88 मध्ये राज्यघटनेच्या बाजूने 85 निबंध 'पब्लियस' या टोपणनावाने आले. लिहिणारे तिघे : हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतल्या 12 निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांच्याही नावाने हक्क सांगितला गेला. 1964 साली मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विषय, विचार, भाषेचा डौल सगळं बाजूला ठेवलं आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं लक्ष नसतं असे किरकोळ शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचित. असे बरेच शब्द एकत्र धरल्यावर बाराही निबंधांचा कल मॅडिसनकडे गेला. शैलीचं सोंग आणता येतं, पण 'तरी' कुठे आणि 'पण' कुठे हे कुणी ठरवून लिहीत नाही. तुम्ही म्हणता तसा यात मोठेपणा मोजलेला नाही, सवय मोजलेली आहे.

ही युक्ती अभंगांवर जशीच्या तशी चालेल का? माझ्या मते नाही, आणि इथे तुमच्या शंकेत दम आहे, फक्त कारण तुम्ही दिलंत ते नव्हे. नक्कल करणारा, म्हणजे पोथी उतरवून घेणारा, माणूस देवाचं नाव बदलत नाही, उपमा बदलत नाही. तो बदलतो ते नेमके हेच किरकोळ शब्द. 'तैं'चं 'तेव्हां' करतो, 'म्हणौनि'चं 'म्हणूनि' करतो, आणि आपण काही बदललं हे त्याच्या गावीही नसतं. म्हणजे मोजायला जावं तर सापडतो नक्कलकाराचा हात. त्यात एकेक अभंग पाचदहा ओळींचा. एवढ्यात मोजणार काय? त्या निबंधांना दोन्ही अडचणी नव्हत्या. ते लगोलग छापले गेले आणि चांगले लांबलचक होते.

म्हणून आपल्याकडे जास्त कामाची ठरते ती जुनी पद्धत, चुकांच्या मागावर जाण्याची. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक (पोथ्या ताडून पाठ ठरवलेली) आवृत्ती 1966 मध्ये पुरी झाली. तिचे संपादक सुकथनकर यांनी तिला शिस्त लावली; एकूण 1,259 हस्तलिखितं धुंडाळली गेली. त्या कामाच्या मुळाशी असलेलं तत्त्व आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही दिसतं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या आगगाडीचा फॉरवर्ड आला. गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. फॉरवर्डमध्ये 1835 छापलं होतं आणि 'बोरीबंदर'चं 'बोरबंदर' झालं होतं. पुढे तोच मजकूर दुसऱ्या ग्रुपवर एका गृहस्थांनी स्वतःच्या नावाने टाकला. साल त्यांनी दुरुस्त केलं होतं, 'बोरबंदर' तसंच होतं. पकडले गेले! ज्याने ज्याने 1853 लिहिलं त्याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, बरोबर साल कुठूनही मिळतं. पण दोघांनी आपापलं, एकमेकांचं न बघता 'बोरबंदर' लिहावं, हे फारच अवघड. हस्तलिखितांची घराणी लावतात ती अशीच. दोन पोथ्यांत एकच ओळ गळलेली असेल, एकच शब्द सारखाच बिघडलेला असेल, तर त्या एका आईच्या.

आणि हे फक्त पोथ्यांपुरतं नाही. 2003 साली लॉस एंजेलिसच्या सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी हीच नजर विज्ञानाच्या लेखांवर टाकली. भौतिकशास्त्रातल्या 1973च्या एका गाजलेल्या लेखाचा हवाला सुमारे 4,300 ठिकाणी दिलेला होता. त्यांतल्या 196 हवाल्यांत खंड, पान, साल असं काहीतरी चुकलेलं, पण वेगवेगळ्या चुका फक्त 45. पानाच्या आकड्याची एकच चूक तर 78 जणांनी केलेली. मूळ लेख उघडून प्रत्येकाने तीच चूक स्वतंत्रपणे केली, यावर कोण विश्वास ठेवील? बहुतेकांनी दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतलं होतं. या हिशेबावरून त्या दोघांनी अंदाज बांधला की हवाला देणाऱ्यांपैकी मूळ वाचणारे पाचातला एखादाच. अंदाजाच्या नेमकेपणावर वाद घालता येईल, पण 78 जणांवर नाही.

पालकाची गंमत तर याच्या वरताण. पालकात लोह फार, हा समज एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. 1981 मध्ये ती एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकातही आली. पुढे कुणीतरी ती चूक मुळातून शोधायला गेलं, तर चुकीचाच पुरावा मिळेना. म्हणजे 'बघा, न तपासता लिहिलं की काय होतं' हे सांगणारेच न तपासता सांगत होते.

तेव्हा 'ज्ञान सगळ्यांचं होतं' हे मला मान्य आहे, पण ते सगळ्यांपर्यंत कुणाच्या तरी हातून गेलं, आणि ते हात बघावेत एवढंच माझं म्हणणं. यात संतांची परीक्षा नाही. झालीच तर नक्कलकारांची, संपादकांची आणि आपल्यासारख्या फॉरवर्ड करणाऱ्यांची.

एक राहिलं. आजोबांच्या अभंगांच्या वहीचा तुम्ही उल्लेख केलात, आणि छापील गाथ्याशी न जुळणाऱ्या ओळी तुम्ही हल्ली पेनाने दुरुस्त करताय असंही लिहिलंत. काका, कृपा करून ते आजच थांबवा. त्या न जुळणाऱ्या ओळींतूनच वही कुठल्या वारकरी फडाकडून, कुठल्या गावाकडून आली याचा माग लागू शकतो. पानांचे फोटो काढा, खाडाखोड आणि समासातल्या खुणांसकट, कोरी पानंही सोडू नका. तुम्ही केलेल्या दुरुस्त्यांची वेगळ्या कागदावर यादी करा, म्हणजे आजोबांचं अक्षर आणि तुमचं यांत पुढे कुणाची गल्लत होणार नाही. आजोबांनी वही कुणाकडून उतरवून घेतली हे घरात कुणाला आठवत असेल तर तेही नावानिशी लिहून ठेवा, दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. फोटो मला पाठवलेत तर पंडितांच्या आणि भाव्यांच्या पाठाशी ताडून बघायला मी तयार आहे. सुरुवात सालोमालोंच्या अभंगांपासून करू, वहीत असले तर.