अंगचोर कोण, अडलेला कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, गटाने करायच्या प्रोजेक्टमध्ये भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखून वागण्याची क्षमता, कामी येते असं मी मागच्या लेखात विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: 'भावनिक बुद्धिमत्ता हे शहरी खूळ आहे. आमची पोरं भरीत पार्टीत न सांगता कामाला लागतात ती चारचौघांत नाव निघेल या धाकाने. आणि प्रश्नावलीत स्वतःलाच शहाणं म्हणवणाऱ्यांचं काय खरं धरायचं?'

शेवटचं आधी कबूल करतो. 'मला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं' यापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण करणाऱ्याला ते खरंच येतं का, हे खुणेवरून कळत नाही. मागच्या लेखात मी प्रश्नावलीत मिळालेल्या गुणांवर जरा जास्तच भिस्त ठेवली. सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली ती क्षमता म्हणून, स्वतःबद्दलचं मत म्हणून नव्हे.

पण भरीत पार्टी वेगळी आणि प्रोजेक्ट वेगळा. शेतात काड्यांवर वांगी भाजताना कोण धुरात बसलंय, कोण सालं काढतंय आणि कोण बांधावर मोबाईल चाळतंय, सगळ्यांना दिसतं. कळण्याच्या पुऱ्या कढईत पडायच्या आत त्याची टिंगल सुरू. प्रोजेक्टच्या फाइलवर नावं चार, लिहिणारा एक. फेर आणि गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या 2000 साली छापून आलेल्या प्रयोगात झुरिकचे विद्यार्थी असेच चार-चारांच्या गटात होते. प्रत्येकाकडे 20 टोकन. सामाईक खात्यात टाकली तर सगळ्यांचं भलं, स्वतःकडे ठेवली तर एकट्याचं जास्त. फेरीगणिक टाकणं घटत गेलं. पदरमोड करून अंगचोराला दंड करायची मुभा दिल्यावर मात्र वाढलं. तेव्हा तुमचा धाक खरा, मान्य.

फक्त धाकाला अंगचोर आणि अडलेला यांतला फरक कळत नाही. माझ्याच वर्गातला एक गट. रावेरकडचा मुलगा आठवडाभर आकडे देईना, विचारलं तर मान खाली. दोघांनी फाइलवरून त्याचं नाव काढायचं ठरवलंच होतं. साक्रीकडची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी त्याच्या बाकाशी जाऊन अहिराणीत एवढंच म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ?"

वादळात घरची केळी आडवी झाली होती. आकडे तयार होते. वही गावीच राहिली होती, आणि घरचं सांगायची त्याला लाज वाटत होती.

या मुलीने माझ्या प्रश्नावलीत जवळपास प्रत्येक वाक्यापुढे 'सांगता येत नाही' अशी खूण केली होती.