सोमवारची निळी गोळी : एका बापाच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

"दोन वर्षं माझी पोरगी दर सोमवारी शाळेत निळी गोळी खातेय, तरी हिमोग्लोबिन साडेनऊच. आमच्या आया बाजरीची भाकरी खाऊन रानात राबल्या, त्यांना कुणी गोळ्या दिल्या? सगळी कंपन्यांची धन." शाळेत दर सोमवारी मिळणाऱ्या लोहाच्या गोळीवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची ही प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. त्या रागाखाली लेकीची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साडेनऊचं बघू. बारा वर्षांपुढच्या मुलीत हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 8 ते 10.9 म्हणजे मध्यम. सोमवारची गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला बरा करायला 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमाच्या मार्गदर्शनात त्याच गोळ्या रोज दोन, जेवणानंतर, तीन महिने सांगितल्या आहेत. म्हणजे आठवड्याला 60 मिलिग्रॅम लोह कुठे आणि 840 कुठे! गोळी खोटी नव्हती, तुमच्या लेकीला ती पुरणारी नव्हती. माझ्या लेखात हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी.

बाजरीबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. बाजरीत लोह आहे, पण त्याच दाण्यातलं फायटेट ते आतड्यात धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. झिंकचंही तेच. त्यावर सकाळी चहा-भाकरी! चहा उरलंसुरलं लोहही अडवतो. भाकरी सोडू नका. सोबत लिंबू, पेरू, मोडाची मटकी द्या, चहा तासभर लांब ठेवा. लोह जास्त असलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण आपल्या महाराष्ट्रातच आलं. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शाळकरी मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी सहा महिने दिली, तेव्हा ज्यांच्या अंगात लोह कमी होतं त्यांच्यात फरक दिसला. म्हणजे बाजरीच, पण वाण बघून.

आणि आयांचं म्हणाल, तर ज्या बाळंतपणात गेल्या त्या आज सांगायला नाहीत.

सगळं खापर लोहावर फोडू नये, हे मात्र खरं. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींपैकी 40 टक्के रक्तक्षयी निघाल्या. मुलगे 18 टक्के. त्याच पाहणीत या वयाच्या साधारण तिघांमागे एकाला झिंक कमी होतं. बी-12 आणि फोलेट ही जीवनसत्त्वं कमी असतील तर नुसत्या लोहानं रक्त भरत नाही. मुलींचं वेगळं म्हणजे पाळी. अंगावरून किती जातं, हे तिच्या आईनं तिला मोकळेपणानं विचारावं. अनवाणी रानात फिरणाऱ्या पोरींना अंकुशकृमी होतात, ते आतड्यात रक्त पितात. जंताची गोळी वर्षातून दोनदा हवीच.

कंपन्यांचं विचाराल तर शाळेतली गोळी मुलीला फुकट मिळते. बाजारातल्या महागड्या टॉनिकांवरचा तुमचा राग मात्र रास्त आहे.

तिला या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. उपचाराचा डोस मागा. शौचाला काळी होईल, थोडं मळमळेल, घाबरून बंद करू नका. महिन्यात हिमोग्लोबिन एकनं तरी वाढायला हवं. नाहीच वाढलं तर फेरिटिन (अंगात साठलेलं लोह किती ते यातून कळतं) आणि बी-12 तपासा, आणि सिकलसेल-थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांसाठी रक्त पाठवायला सांगा. तसं काही निघालं तर उपचाराची वाटच वेगळी असते.

महिन्यानं आकडा काय आला, ते इथेच कळवा. मी वाट बघतेय.