एका प्रभागात चार नगरसेवक नकोत, एकच द्या

नागपूरकरांनो, थोडं लांब लिहिते आहे, पण पूर्ण वाचा.

आमच्या गल्लीतली गडर लाइन परत चोक झाली आहे. घाण पाणी रस्त्यावर, लहान पोरं त्यातूनच शाळेत जातात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आता सांगाचं कोनाले?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्या प्रभागात नगरसेवक एक नाही, चार आहेत. एकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, तुमची लाइन माझ्याकडे नाही येत, ते भाऊ पाहतात." त्या भाऊंच्या माणसानं तिसरंच नाव सांगितलं. ही वाटणी चौघांनी आपसात केलेली. कायद्यानं चौघेही अख्ख्या प्रभागाचे आहेत, चौघांनाही आम्ही मत दिलं किंवा नाकारलं आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे: एक प्रभाग, एक नगरसेवक. मुंबईत २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक आहेत. तिथल्या माणसाला आपला नगरसेवक कोण हे एका नावात सांगता येतं. नागपुरात १५१ नगरसेवक आणि प्रभाग फक्त ३८. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चोवीस लाखांच्या वर होती, म्हणजे एका प्रभागात सरासरी साठ हजारांहून जास्त माणसं. एवढ्या पसाऱ्यात वस्तीतली एखादी साधी कार्यकर्ती, जिनं वर्षानुवर्षं रेशनकार्डं आणि पाण्याच्या लाइनींसाठी धावपळ केली, ती अपक्ष उभी राहून जिंकेल का? तिला तिच्या दहा गल्ल्या ओळखतात, बाकीचे पन्नास हजार लोक नाही. तिथे पॅनल लागतं, पैसा लागतो, पक्षाचं चिन्ह लागतं. एक ओळखीचा चेहरा पुढे आणि बाकी तीन त्याच्या मागे, असं निवडून आलेल्यांना आपण कशाच्या जोरावर जाब विचारणार?

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत मतदान केंद्रावर काय झालं तेही आठवा. अ, ब, क, ड, चार जागा, चार वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं. माझ्यापुढच्या आजी पहिलं बटण दाबून निघाल्या होत्या, त्यांना परत बोलवावं लागलं. टीव्हीवर मात्र दिवसभर बोटावरची शाई पुसली जाते का, याचीच चर्चा. ती व्हायलाच हवी होती, पण ब आणि क मध्ये आपण नेमकं कोणाला मत दिलं, हे किती जणांना माहीत होतं, हे कोणीच विचारलं नाही.

आणि ही पद्धत काही दगडावरची रेघ नाही. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांमध्ये २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मधल्या काळात परत तीनचा निर्णय झाला, सरकार बदललं, परत चार आले. दर वेळी मुंबईतल्या सत्तेला जे सोयीचं तेच झालं. या सगळ्यात नागपूरच्या माणसाला काय सोयीचं हे कधी कोणी विचारलं?

काही मैत्रिणी म्हणतात, चारच्या प्रभागात दोन जागा तरी बायकांच्या पक्क्या असतात, एकच्या पद्धतीत सोडत निघेल आणि आपला प्रभाग पुरुषाकडे गेला तर? हा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण पन्नास टक्के आरक्षण एकच्या पद्धतीतही राहतंच, शहरात निम्म्या जागा बायकांनाच मिळतात. आणि एकटीनं निवडून आलेल्या बाईला "ते भाऊ पाहतात" असं म्हणून कोणी बाजूला सारू शकत नाही.

नगरसेवकच नसले तर काय होतं, तेही आपण पाहिलं. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं प्रशासक. संविधानाच्या २४३-यू कलमात स्पष्ट आहे की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. त्याच काळात २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र आली. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, बर्डीपर्यंत पाणी. लोकांचे फ्रिज, गाद्या, पोरांची वह्या-पुस्तकं चिखलात गेली. त्या वेळी सभागृहात उभं राहून जाब विचारायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. मला याचा आजही संताप येतो. सिमेंट रोड उंच आणि घरं खाली, दर पावसाळ्यात अंगणात पाणी, हा प्रश्नही सभागृहात मांडायचा तर माणूस लागतो, आणि तो आपल्या वस्तीचा लागतो.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्रसभा आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. आमच्या भागात ती भरलेली मी कधी पाहिली नाही. चार जणांच्या प्रभागात ती बोलावणार कोण, इथूनच वाद सुरू होईल.

बिनविरोधाचंही बोलायला हवं. कल्याण-डोंबिवलीत या वेळी मतदानाआधीच कितीतरी जागा बिनविरोध गेल्या. आपल्या राज्यात २०१८ पासून स्थानिक निवडणुकीत नोटाला, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाला, सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायचा आदेश आहे. मग एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्या. लोकांना नको असेल तर त्यांना तसं सांगू द्या.

प्रभाग एकचा की चारचा, हे विधिमंडळ ठरवतं. डिसेंबरात अधिवेशन आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये भरतं. त्याआधी आमच्या भागाच्या आमदारांना एक निवेदन द्यायचं मी ठरवलं आहे: एक सदस्याचा प्रभाग, क्षेत्रसभा सक्तीची आणि बिनविरोधाला नोटा, एवढ्या तीनच मागण्या. मसुदा मराठीत लिहून तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करा. मानेवाडा, हुडकेश्वर भागातल्यांकडे मी स्वतः कागद घेऊन येईन. दुसऱ्या प्रभागातल्यांनी हाच मसुदा घ्या आणि आपापल्या आमदारांना द्या.