लिफ्ट बंद, पण फक्त माझ्या पिल्लांना

आज पहाटे पावणेसहाला मी चौथ्या मजल्याच्या जिन्यात उकिडवी बसून माझ्या कुत्र्याच्या पिल्लाची, बंड्याची, शू पुसत होते. एका हातात व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, दुसऱ्या मनगटाला दुसऱ्या पिल्लाचा, चिंगीचा, पट्टा गुंडाळलेला, आणि ती माझ्या ओढणीचं टोक दातात धरून खाली खेचतेय. तेवढ्यात वरच्या जिन्यातून आवाज आला, "रोजचंच झालंय तुमचं हे."

रोजचंच झालंय. अगदी खरंय. पण ते कोणामुळे झालंय हे ऐकून घ्यायची तयारी आमच्या बिल्डिंगमध्ये एकाचीही नाही. सांगायला गेलं की दार लावून घेतात. म्हणून आज सगळं लिहून काढतेय, नाहीतर डोकं फुटेल माझं.

मुलुंडला सहाव्या मजल्यावर मी आणि आई, दोघीच राहतो. जुलैत एका रात्री धो धो पाऊस पडत असताना स्टेशनबाहेर भाजीवाल्याच्या ताडपत्रीखाली ही दोन पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती. त्यांची आई कुठेच दिसेना. तासभर थांबले, शेवटी दोघांना पिशवीत घालून घरी आणलं. डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांची असतील. आता पाच महिन्यांची झालीत.

दोन पिल्लं सांभाळणं सोपं आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. या वयात त्यांचे २८ दुधाचे दात पडत असतात आणि त्या जागी एकूण ४२ पक्के दात येत असतात. हिरड्या नुसत्या शिवशिवतात. समोर येईल ते चावायचं. आईच्या कोल्हापुरीचा अंगठा गेला, रिमोट दोनदा गेला, दिवाणाच्या गादीतला कापूस काढून हॉलभर पसरला, तुळशीची कुंडी उकरून माती थेट देवघरापर्यंत नेली. मिक्सरची वायर चावली तेव्हा प्लग काढलेला होता म्हणून वाचली. त्यात दोघं आहेत. एकाच्या तोंडातून चप्पल सोडवेपर्यंत दुसरं स्वयंपाकघरात पोहोचलेलं असतं. चिंगी टेबलावरून पोळी खाली पाडते आणि बंड्या ती घेऊन पलंगाखाली पळतो. जुना टॉवेल ओला करून गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवते, गार गाजर देते, त्यावर अर्धा तास निघतो. रात्री तीनला उठते, पाचला उठते. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. वयच आहे त्यांचं ते, आणि मी पत्करलंय.

राग येतो तो माणसांचा.

शी-शू शिकवायची पद्धत डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितली होती. पिल्लू जितक्या महिन्यांचं असेल त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते धरू शकतं, तेही निवांत पडून असेल तर. झोपून उठलं, पोटभर जेवलं, मस्ती करून थांबलं, की त्याच मिनिटाला लागते. तेव्हा उचलायचं, खाली न्यायचं, ठरलेल्या जागी सोडायचं आणि केल्या केल्या शाबासकी द्यायची. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सोळा आठवडे, बाहेर जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्व्हो नावाच्या विषाणूच्या रोगाने पिल्लू दोन दिवसांत जातं. तोवर आम्ही बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरून काढली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोस झाले आणि मी दोघांना लिफ्टने खाली न्यायला लागले. सहाव्या मजल्यावरून तळमजला, एक मिनिटसुद्धा लागत नाही. आठ दिवसांत दोघं शिकली! गेटबाहेरच्या गुलमोहराखाली जाऊनच करायची. घरात थेंब नाही, जिन्यात थेंब नाही. आईने त्या दिवशी शिरा केला होता.

नवव्या दिवशी लिफ्टच्या दारावर नोटीस लागली. कुत्र्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई, जिन्याचा वापर करावा, घाण केल्यास ५०० रुपये दंड.

आता करा हिशोब. सहा मजल्यांच्या ११४ पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. दोघांचं वजन मिळून पंधरा किलोच्या वर. दोघांना एकदम उचलून तेवढ्या पायऱ्या उतरायचा प्रयत्न मी केला, तिसऱ्या दिवशी कंबर धरली. एकाला उचललं तर दुसरं प्रत्येक मजल्यावर चपला हुंगत थांबतं. दोघांना चालवलं तर झोपेतून उठलेल्या पिल्लाला चौथ्या मजल्यापर्यंतसुद्धा दम निघत नाही. एकदा तिथे झाली की तो वास राहतो, आणि कुत्रा वासावरूनच जागा ओळखतो. गुलमोहराखाली जे शिकवलं होतं ते पुसून त्यांच्या डोक्यात आता चौथ्या मजल्याचा कोपरा पक्का बसलाय. म्हणजे आधी या लोकांनी लिफ्ट बंद करून जिन्यात घाण व्हायची सोय केली, आणि वर त्याच घाणीचा दंड माझ्या मेंटेनन्सच्या बिलात लावला. दोनदा! मी त्याच क्षणी पुसते, दरवेळी पुसते. तरी म्हणे फिनेल का टाकत नाही. फिनेल कुत्र्यांना विषारी असतं हो, पंजाला लागतं आणि ती पंजे चाटतात. हे मी किती जणांना किती वेळा सांगितलंय.

शिवाय या वयात हाडं-सांधे अजून भरायचे असतात. दिवसातून चार-पाच वेळा इतके जिने चढवू-उतरवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. ते कोणाला सांगायचं?

आणि माझी आई. ६९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. दुपारी दीडला ती दोघांना घेऊन लिफ्टने खाली जायची, दहा मिनिटं गुलमोहराखालच्या कट्ट्यावर बसायची, तिथे दोन बायका भेटायच्या, वर यायची. वडील गेल्यापासून ती दुपारी कधी घराबाहेर पडत नव्हती, या पिल्लांमुळे पडायला लागली होती. तेही या नोटिशीने बंद झालं. आता दुपारी पिल्लं दाराशी जाऊन रडतात आणि आई आतून त्यांना म्हणते, "थांबा रे बाळांनो, ताई येईल." ताई फोर्टला ऑफिसात असते. साडेसहाला निघाले तरी सीएसएमटीहून गाडीत उभं राहत मुलुंड गाठायचं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून पुन्हा ११४ पायऱ्या.

सगळ्यात जास्त कशाने पेटते सांगू? तिसऱ्या मजल्यावर एक लॅब्रॅडॉर आहे. गोड आहे बिचारा, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. चार वर्षं तो लिफ्टने येतो-जातो. नोटीस लागल्यानंतरही येतो-जातो. मुलं त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये फोटो काढतात. वॉचमनला मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला फक्त तुमचंच सांगितलंय." सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, "अहो, तो चांगल्या जातीचा आहे. तुमची रस्त्यावरची." चांगल्या जातीचा! हे शब्द तोंडातून काढताना त्या माणसाला काहीच वाटलं नाही. माझ्या दोघांना सगळे डोस दिलेत, रेबीजची लस दिलीय, महापालिकेच्या परवान्याचं बघितलंय, गळ्यात पट्टा असतो, शी उचलायला खिशात कागद असतो. आणखी काय करायचं त्यांनी रस्त्यावरचं नसण्यासाठी?

त्याच लिफ्टच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत. कचऱ्याच्या पिशवीतून गळणारं पाणी दर दोन दिवसांनी असतं. त्याबद्दल आजवर एक ओळ लागलेली मी पाहिली नाही.

मी गप्प बसलेली नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या. त्यात स्वच्छ लिहिलंय की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्ट वापरण्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. सेक्रेटरींनी कागद उलटासुद्धा केला नाही. "सोसायटीचे नियम सोसायटी ठरवते," म्हणाले. कमिटीतल्या एका बाईंचा मुलगा तेव्हा तिथेच अभ्यास करत बसला होता. त्याच्या शाळेच्या पुस्तकात सुरुवातीलाच नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगण्याचं कर्तव्य आहे. मुलांकडून ते वाचून घ्यायचं आणि मोठ्यांनी लिफ्टवर नोटीस चिकटवायची.

हे कुठल्या शहरात चाललंय तेही बघा. माझं ऑफिस आहे त्याच फोर्टमध्ये १८३२ च्या जूनमध्ये, इंग्रजांचे शिपाई बक्षिसाच्या लोभाने कुत्री मारत घरांपर्यंत घुसायला लागले, तेव्हा पारशी लोकांनी दुकानं बंद करून रस्त्यावर गोंधळ उडवून दिला होता. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा दवाखाना, आजीच्या लहानपणापासून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्या जनावरासाठी उभं राहणारी माणसं या शहरात होती. माझ्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार क्षणभर धरून ठेवणारं कोणी नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणी कुत्रा चावलाय, त्यांना खरंच भीती वाटते. त्या लिफ्टपाशी दिसल्या की मी दोघांना घेऊन मागे सरते, त्यांना आधी जाऊ देते, नोटिशीच्या आधीपासून. त्यांनी स्वतः मला सांगितलं, "माझ्या नावावर ही नोटीस लावलीय, पण मी तक्रार केलीच नव्हती गं." म्हणजे भीतीचं निमित्तसुद्धा उसनं घेतलेलं!

काल लेखी पत्र दिलं. दंड रद्द करा, नोटीस काढा, आणि नियम असेल तर तिसऱ्या मजल्यालाही तोच लावून दाखवा. पत्राची पोच मागितली, "बघू" म्हणाले. पोच दिली नाही. उद्या तेच पत्र स्पीड पोस्टाने जाईल, आणि त्याची एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात.

आणि जिना आता बास. उद्या साडेपाचला मी बंड्या आणि चिंगीला घेऊन लिफ्टनेच उतरणार आहे. दुपारी दीडला आईसुद्धा लिफ्टनेच उतरेल. ज्याला अडवायचंय त्याने माझ्या आईला, तिच्यासमोर उभं राहून अडवावं.