संगणक बदला, पण तारीख पाहून
नवे संगणक आले की कामाचा ताण आपोआप कमी होतो, हे कार्यालयांतील संगणक बदलांवरील लेखातील मत मला पूर्णपणे पटत नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली जुनी यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरतात, त्यामुळे बदल अटळ होता. परंतु पणजीतील आमच्या हिशेबाच्या कार्यालयात तो नेमका जीएसटी विवरणपत्रे भरण्याच्या २० तारखेच्या मुदतीच्या तोंडावर झाला. प्रिंटर नव्या संगणकाशी जुळेना, आणि संध्याकाळी रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत, एरवी तेवढाच वेळ माझा असतो, मी उभ्यानेच ग्राहकांकडे मोबाईलवरून विवरणपत्र भरायला लागणारा ओटीपी मागत होते. यंत्रे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बदलावीत आणि एखादा जुना संगणक पंधरा दिवस तरी जोडलेला ठेवावा, ही कळकळीची विनंती.